दुसऱ्या वजनाचे काय झाले?



गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी शालेय विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग आला. सौरचूल, ठिबक सिंचन, ज्वालामुखी अशा नेहमीच्या मंडळींच्या रांगेत एका टेबलावर नववीतला एक मुलगा मोरचूद घेऊन बसला होता. निळ्या मोरचुदाच्या स्फटिकांत पाणी किती, हे त्याने स्वतः मोजले होते. शेजारी बर्नर, चिनीमातीची बशी आणि शाळेचा छोटा इलेक्ट्रॉनिक तराजू. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत उत्तर होते: पाणी ३६.१ टक्के.

पुस्तकातले उत्तर तेच आहे. मोरचुदाच्या एका रेणूबरोबर पाण्याचे पाच रेणू असतात, आणि रेणुभारांचा हिशेब केला तर पाणी ३६.१ टक्केच निघते. मी विचारले, "बशी किती वेळा तापवलीस?"

"एकदाच, सर."

"आणि दुसरे वजन?"

"दुसरे कशाला? उत्तर बरोबर आलंय ना!"

थोडे गोडीत विचारल्यावर खरे बाहेर आले. त्याने ५.०० ग्रॅम मोरचूद घेतला होता. रिकाम्या बशीचे वजन ३८.४२ ग्रॅम, मोरचुदासह ४३.४२. तापवल्यानंतर भरले ४१.८७, म्हणजे घट १.५५ ग्रॅम, म्हणजे ३१ टक्के. हे काही पुस्तकाशी जुळेना. मग त्याने ४१.८७ खोडले, उत्तरावरून उलटा हिशेब केला आणि तिथे ४१.६२ लिहिले. हे सांगताना तो खाली बघत होता. पण मला त्याचा राग आला नाही. वाईट याचे वाटले, की त्याने खोडलेला आकडा खरा होता. त्याचा तराजू खोटे बोलला नव्हता. बशीत अजून पाणी आहे, एवढेच तो सांगत होता.

मोरचुदातले पाण्याचे चार रेणू साधारण ११० अंश सेल्सियसपर्यंत निघून जातात. पाचवा मात्र हट्टी असतो. त्याला दोनशे अंशांच्या वर न्यावे लागते. मुलाने मंद ज्योतीवर बशी ठेवली होती. चार रेणू गेले, पाचव्यातला थोडा भाग गेला आणि त्याने बर्नर बंद केला. त्याच्या शिक्षकांची परवानगी घेऊन आम्ही तिथेच पुन्हा सुरुवात केली. बशी दहा मिनिटे तापवली, झाकून थंड केली, वजन केले: ४१.७०. पुन्हा दहा मिनिटे: ४१.६३. पुन्हा: ४१.६३. आता घट १.७९ ग्रॅम झाली, म्हणजे ३५.८ टक्के. यात तासभर गेला, आणि ज्वालामुखीकडची अर्धी गर्दी आमच्याकडे आली. तिसऱ्या वेळेस तराजूवर आकडा न हलता थांबला, तेव्हा एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "आता संपलं पाणी!"

मुलाने ३६.१ वर कागद चिकटवून ३५.८ लिहिले आणि खाली चारही वजने मांडली. दुपारी परीक्षक आले. त्यांनी तक्ता वाचला आणि विचारले, "मूळ उत्तर ३६.१ आहे. तुझे ०.३ ने चुकले कसे?" मुलाने माझ्याकडे पाहिले. हा लेख मी त्या नजरेसाठी लिहितो आहे.

रसायनशास्त्रात भारात्मक विश्लेषण नावाची एक जुनी आणि भक्कम पद्धत आहे. समजा, एखाद्या पाण्यात सल्फेट किती आहे हे शोधायचे आहे. त्यात बेरियम क्लोराइडचे द्रावण घातले, की बेरियम सल्फेटचा पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) खाली बसतो. तो गाळायचा, धुवायचा, वाळवायचा, भाजायचा आणि त्याचे वजन करायचे. या वजनाला ०.४११६ ने गुणले की सल्फेटचे वजन मिळते. सगळा हिशेब या एका वजनावर उभा असतो. म्हणून जुन्या प्रयोगपुस्तकांत प्रत्येक कृतीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असे: 'स्थिर वजन येईपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी.' तापवा, थंड करा, वजन करा. परत तापवा, थंड करा, वजन करा. लागोपाठची दोन वजने जुळली, की थांबा. 'जुळली' म्हणजे किती, हेही ठरवलेले असते. औषधांच्या तपासणीत सामान्यतः ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी फरक चालतो. चांगल्या प्रयोगशाळेत याहून कडक मर्यादा पाळतात.

हे वाक्य वाचायला जितके सोपे, तितकेच पाळायला जिवावर येते. माझेच उदाहरण सांगतो. बी.एस्सी.ला असताना आमच्या तुकडीत वीस विद्यार्थी आणि दोन पारड्यांचे मोजके तराजू होते. चिमट्याने एकेक वजन ठेवायचे, शेवटी रायडर सरकवायचा, काटा डावीउजवीकडे किती झुलतो ते मोजायचे. एका वजनाला दहा मिनिटे सहज जात. बेरियम सल्फेटचा प्रयोग होता. रिकाम्या मुशीचे वजन २१.३८४६ ग्रॅम. साका भाजून, मूस गार करून पहिले वजन केले: २१.८९७३. घड्याळात पाच वाजून गेले होते आणि माझी एस.टी. साडेपाचची. पुन्हा भट्टी, पुन्हा पाऊण तास गार करणे, पुन्हा तराजूपाशी रांग! मी शहाणपणा केला. वहीत दुसरे वजन लिहिले २१.८९७२. अगदी तेच लिहिले तर संशय येईल म्हणून शेवटचा आकडा एकाने कमी केला. खोटे खरे दिसावे यासाठी जी मेहनत मी घेतली, तेवढ्यात अर्धा प्रयोग झाला असता.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही परत दिली. ते काही बोलले नाहीत. माझ्या दुसऱ्या वजनाशेजारी पेन्सिलीने एक आकडा होता: २१.८८६२. माझी मूस त्यांनी रात्री पुन्हा भट्टीत ठेवली होती. ११ मिलिग्रॅम कमी! गाळणकागद जळल्यावर राहिलेला कोळसा साक्याच्या तळाशी दडून बसला होता, थोडा ओलावाही असेल. माझ्या हिशेबाने सल्फेट ०.२११० ग्रॅम येत होते आणि सरांच्या हिशेबाने ०.२०६५. फरक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. वर तोंड करून विचारावे, असे माझ्याकडे काही उरले नव्हते.

बेरियम सल्फेटच्या बाबतीत कोळशाचा आणखी एक खोडसाळपणा असतो. हवा पुरेशी न मिळाल्यास तप्त कोळसा सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि बेरियम सल्फाइड बनते. मग वजन वाढण्याऐवजी घटते. म्हणून कागद आधी सावकाश काळा होऊ द्यायचा, ज्योत न धरता जाळायचा आणि मगच भट्टी वाढवायची. घाई केली की शिक्षा कोणत्या बाजूने होईल, हेही सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वजन करणे यात एवढे काय अवघड आहे? गरम मूस तराजूवर ठेवून पाहा. तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते, पारड्याला वरच्या बाजूस हलकासा रेटा बसतो आणि मूस खऱ्यापेक्षा हलकी भासते. पाच मिनिटांनी तीच मूस जड होते. बोट लावले तर बोटाचा तेलकटपणा आणि घाम वजनात येतो, म्हणून चिमटा. उघड्यावर गार होऊ दिली तर हवेतला ओलावा चिकटतो, म्हणून डेसिकेटर. हे जाड काचेचे, घट्ट झाकणाचे भांडे; तळाशी ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइड किंवा सिलिका जेल. त्यालाही त्याचा स्वभाव आहे. लालभडक मूस आत ठेवून लगेच झाकण लावले तर आतली हवा फुगून झाकण सरकवते. गार झाल्यावर आत हवा विरळ होते, झाकण घट्ट बसते. ते झटक्याने उघडले, तर आत घुसणारी हवा मुशीतला साकाच उडवून देते. असे उडालेले साके मी पाहिले आहेत, आणि त्यानंतरचे चेहरेही.

यातून वाट एकच: दर वेळी सर्व काही सारखेच करायचे. तितकाच वेळ गार करायचे, त्याच तराजूवर तोलायचे, आणि साका घालण्यापूर्वी रिकामी मूसही याच पद्धतीने स्थिर वजनाला आणायची. हा शेवटचा भाग पुष्कळजण विसरतात. पायाच डळमळीत असेल तर वरचे चौथ्या दशांशस्थळापर्यंतचे आकडे नुसती नक्षी ठरतात.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्थिर वजनाची बाजू घेणारे कधी कधी त्याला ब्रह्मवाक्य मानतात. ते तसे नाही. वजन स्थिर झाले, याचा अर्थ एवढाच, की या तापमानाला आता काही निघून जात नाही. आत काय उरले आहे, हे ते सांगत नाही. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे उदाहरण पाहा. त्याचा स्फटिकजलयुक्त साका १ ग्रॅम घेऊन हळूहळू तापवीत नेला, तर आधी पाणी जाते आणि वजन ०.८७७ ग्रॅमवर थांबते. आणखी तापवल्यास कार्बन मोनॉक्साइड निघून जातो, कॅल्शियम कार्बोनेट उरते आणि वजन ०.६८५ वर थांबते. त्याहून पुढे कार्बन डायॉक्साइडही जातो, शेवटी चुना उरतो आणि वजन ०.३८४ वर येते. म्हणजे जिन्याला पायऱ्या असाव्यात तशी स्थिर वजने एकाच पदार्थाला तीन! प्रत्येक पायरीवर दोन वजने सुंदर जुळतील. कोणत्या पायरीवर उभे आहोत हे कळायला तापमान माहीत हवे. १९१५ मध्ये जपानच्या कोतारो होंडा यांनी तापवता तापवताच वजन करणारा तराजू बनवला, आणि पुढे फ्रान्समध्ये क्लेमाँ द्युव्हाल यांनी अशा तराजूवर शेकडो अवक्षेप तपासून कोणता साका कुठल्या तापमानाला कुठल्या पायरीवर थांबतो हे पाहिले. आपल्या मोरचुदाचेही तेच आहे. तो ११०–१२० अंशांवरच ठेवला असता, तर वजन २८.९ टक्के घटीवर स्थिर झाले असते आणि आम्ही 'संपलं पाणी' म्हणून फसलो असतो.

तरीही मी म्हणतो, की दुसरे वजन केलेच पाहिजे. का, ते थिओडोर रिचर्ड्स यांच्या कामावरून कळेल. हे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ. मूलद्रव्यांचे अणुभार अचूक ठरवणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. १९१४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. त्यांच्या आधी बेल्जियमच्या स्तास यांनी काढलेले अणुभार अंतिम समजले जात. रिचर्ड्स यांनी त्यांनाही प्रश्न विचारला. साका खाली बसताना द्रावणातले दुसरे क्षार स्वतःत कोंडून घेतो का? सिल्व्हर क्लोराइड अगदी थोडे का होईना, पाण्यात विरघळून गाळलेल्या द्रवात निसटते का? कोरडा केलेला क्षार तराजूपर्यंत नेताना हवेतला ओलावा घेतो का? तीनही प्रश्नांची उत्तरे 'होय' निघाली. मग त्यांनी कोरड्या वायूतच क्षार बाटलीत बंद करणारे साधन तयार केले, आणि गाळलेल्या द्रवातला निसटलेला साका त्याच्या धुरकटपणावरून मोजणारे दुसरे.

एवढी काथ्याकूट कशासाठी? १९१४ मध्ये रिचर्ड्स आणि लेम्बर्ट यांनी युरेनियमच्या खनिजांतून काढलेल्या शिशाचा अणुभार काढला. साध्या शिशाचा त्यांना २०७.१५ मिळाला होता. किरणोत्सर्गी खनिजांतल्या शिशाचा मिळाला २०६.४ ते २०६.८. दिसायला तेच शिसे, रासायनिक गुणधर्मही तेच, पण वजन वेगळे. एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असू शकतात, ही सॉडी यांची कल्पना तेव्हा अगदी नवी होती. तिला हा भक्कम पुरावा मिळाला. आज आपण त्यांना समस्थानिके म्हणतो. आता फरक पाहा: जास्तीत जास्त ०.७५, म्हणजे शेकडा ०.३६. माझ्या त्या साडेपाचच्या एस.टी.च्या घाईतली चूक याच्या सहापट होती. माझ्या मुशीत समस्थानिके असती तरी ती मला दिसली नसती.

'हे झाले हार्वर्डचे, आम्हाला काय त्याचे?' असे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी तरी विचारू नये. तुमच्या घरचे सोयाबीन खरेदी केंद्रावर जाते तेव्हा आधी ओलावा पाहतात. नेहमीची मर्यादा १२ टक्क्यांची. २०२४ च्या हंगामात ओलाव्यावरून माल नाकारला जात असल्याची ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सवलत दिली. १५ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल ८५ किलो असतो; तोच माल १२ टक्क्यांवर आणला तर ९६.६ किलो भरतो. त्या वर्षीच्या ४,८९२ रुपये हमीभावाने हा फरक दीडशे रुपयांहून अधिक होतो. आणि मर्यादेपलीकडे एखादा टक्का दिसला, तर ट्रॅक्टरच परत. केंद्रावरचे छोटे यंत्र पाणी तोलत नाही. ते दाण्यांचा विद्युत गुणधर्म मोजते आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज देते. तो अंदाज बरोबर आहे की नाही, हे शेवटी कशावर ताडून पाहायचे? ओव्हनवर. तेलबियांसाठीची आंतरराष्ट्रीय मानक पद्धत अशी, की नमुना १०३ अंशांवर वाळवायचा, गार करायचा, तोलायचा. वजन जवळजवळ स्थिर होईपर्यंत. त्या ओव्हनपाशी बसलेल्या माणसाने एस.टी. गाठण्यासाठी दुसरे वजन मनाने लिहिले तर? पाणी कमी गेलेले दिसेल, ओलावा कमी नोंदला जाईल, आणि त्यावर जुळवलेले प्रत्येक यंत्र तीच चूक गावोगाव सांगत फिरेल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की प्रात्यक्षिकाचे गुण उत्तराला देणे बंद करावे. वजनांच्या ओळीला द्यावेत. ज्याने ४१.८७, ४१.७०, ४१.६३, ४१.६३ अशी ओळ लिहिली आणि ३५.८ टक्के उत्तर काढले, त्याला पैकीच्या पैकी. ज्याने एकच वजन लिहून ३६.१ काढले, त्याला निम्मेही नकोत. उरलेला ०.३ टक्क्याचा फरक कुठून आला असेल, हा परीक्षकाने विचारायचा फार चांगला प्रश्न आहे. पण 'चुकले कसे' या सुरात नव्हे. अपेक्षित उत्तर आधीच माहीत असलेल्या मुलाला आपण गुण त्या उत्तराचेच देत राहिलो, तर तो ते उत्तर पुरवणारच. दोष एकट्या मुलाचा नाही. मी वहीत खोटे लिहिले तेव्हा मलाही ठाऊक होते, की वहीत उत्तरच तपासले जाते. सरांनी मूस तपासली, हा अपवाद होता.

शिक्षकांची अडचण मला मान्य आहे. दोन तासिकांत चाळीस मुले, तराजू दोन आणि अभ्यासक्रम पुढे पळतो आहे. शिवाय सल्फेटसारखी गोष्ट आता यंत्रे काही मिनिटांत सांगतात. साके भाजत बसायचे कशाला, असेही काहीजण विचारतात. यंत्रांना माझा विरोध नाही. पण त्यांना 'एवढे म्हणजे किती' हे शिकवायला माहीत असलेले द्रावण लागते, आणि ते शेवटी कुणीतरी तराजूवर तोलूनच बनवलेले असते. वेळेबद्दल म्हणाल, तर वर्षात दहा प्रयोग एकेकदा उरकण्याऐवजी आठच करावेत, आणि त्यांतला एक दोन दिवस चालू द्यावा. पहिल्या दिवशी तापवून तोलायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. नोंद शाईने करायची, प्रत्येक वजनापुढे वेळ लिहायची आणि खोडायचे झाल्यास एकच रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. प्रदर्शनातल्या मुलाच्या वहीत ४१.८७ वर गिरवून गिरवून कागद फाटला होता. तो आकडा त्याला आठवत होता म्हणून बरे.

मोरचुदाचा प्रयोग तुम्ही शाळेत शिक्षकांसमोर करू शकाल. स्फटिक बारीक कुटून घ्या. ज्योत आधी मंद ठेवा, नाहीतर ते तडतडून बशीबाहेर उडतात. निळा रंग जाऊन भुकटी पांढरी झाली, तरी तिथे थांबू नका. रंगावर नव्हे, तराजूवर भिस्त ठेवा. कडेला काळपट दिसू लागले तर ताप जास्त झाला; मोरचूदच मोडून कॉपर ऑक्साइड बनू लागले आहे, तेव्हा ती भुकटी टाकून नव्याने सुरुवात करा. शाळेत डेसिकेटर नसेल, तर रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या आणि तळाशी सिलिका जेलचा थर द्या. मात्र बशी कोमट झाल्यावरच आत ठेवा, काच तडकते. मोरचूद विषारी आहे, हे विसरू नका. ती बरणी पुन्हा लोणच्यासाठी घरी नेऊ नका.